परत न आलेलं पत्र

सोमवार, ३ मार्च

चोर सोडून संन्याशाला सुळी! सकाळी येऊन बघते तर मी सांभाळते तो मेलचा सर्व्हर घुसमटलेला. कुठल्यातरी हलकटानं पाठवणारा म्हणून आमच्या कारखान्याचा पत्ता घातलाय आणि जगभर वजन कमी करायच्या गोळ्यांची जाहिरात सोडतोय. ज्यांना पाठवतो ते पत्ते निम्मे खोटे. मग न पोचलेल्या मेल परत कुणाकडे येणार? ज्याचं नाव पाकिटावर, त्याच्याकडे. म्हणजे माझ्याकडे. मिनिटाला शेकड्यांनी.

साहेबांचा फोन. "मॅडम, आपण वजनकाटे बनवतो की गोळ्या विकतो?" हसले नाहीत. मीही नाही.

मंगळवार, ४ मार्च

आज शिव्या. ज्यांना गोळ्यांची मेल पोचली तेही आम्हालाच लिहितात. एका बाईनं विचारलंय, तुमच्या घरात कोणी जाडं नाही का? — आहे बाई. मी आहे.

गुरुवार, ६ मार्च

खऱ्या गिऱ्हाइकांच्या मेल त्या ढिगात गाडल्या गेल्या. एक मोठी ऑर्डर कुणी पाहिलीच नाही, गेली हातची. साहेब माझ्या खोलीत येऊन उभे राहिले, बसले नाहीत. "उद्या सकाळी मला एकही परत आलेली मेल दिसता कामा नये."

नीट उपाय मला माहीत आहे. आपल्याकडून जाणाऱ्या प्रत्येक मेलवर एक छुपी खूण घालायची. परत आलेलीवर ती खूण असली तर आपली, नसली तर खोटी. पण हे बसवायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि साहेबांना उद्या हवंय! म्हणून तोवर एकच नियम लिहिला — परत आलेली कुठलीही मेल, खरी असो नाहीतर खोटी, कुणाला न दाखवता अडगळीत टाक. सुक्याबरोबर ओलंही जळणार. जळू दे.

संध्याकाळी एकदम शांत. कानात दडे बसल्यासारखं वाटलं.

शुक्रवार, ७ मार्च

साहेब खूश. मी दुपारी टेबलावर डोकं ठेवून झोपले.

रविवार, ९ मार्च



आई आमच्याच कारखान्यात टायपिस्ट होती. निवृत्त झाली तरी तिची मेलची पेटी मी बंद केली नाही. "धाकट्याला माझा तेवढाच पत्ता पाठ आहे," म्हणते. धाकटा म्हणजे माझा भाऊ. बोटीवर नोकरीला गेला. आधी महिन्याला फोन, मग वर्षातून एखादा, मग काहीच नाही. बोटवाले म्हणतात, मधल्या एका बंदरावर उतरला, पुढचं आम्हाला विचारू नका.

दर रविवारी चहा झाला की आई त्याला चार ओळी लिहिते. पाच मिनिटांत त्या परत येतात. "आलं," म्हणते, चष्मा काढते, कपबशा विसळायला उठते. इतकी वर्षं हेच चाललंय.

आज परत आलं नाही.

मी भाजी चिरत होते. "अगं ए, इकडे ये! परत नाही आलं! घेतलं गं त्यानं!" आईचा असा चेहरा मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. आणि मग आठवलं. माझा नियम! तिची पेटीही त्याच सर्व्हरवर आहे. परत आलं असणार, आणि मीच ते अडगळीत टाकलं असणार.

भाजी करपली.

सोमवार, १० मार्च

ऑफिसात गेल्या गेल्या अडगळ उपसली. होतं तिथं. आईचं पत्र, परत आलेलं.

परत येणाऱ्या पत्रावर जी सर्व्हरची भाषा असते ती आईला वाचता येत नाही. मला येतं. 'पेटी भरलेली आहे.' दर वेळी तेच. म्हणजे पत्ता आहे, पण पेटी कोणी उघडतच नाही. जगाचा कचरा तिथं साठत गेला आणि आईच्या चार ओळींना जागा उरली नाही. पेटी न उघडणाऱ्या माणसाचं काय झालं असेल? मी हे कधी तोंडातून काढलं नाही. तिला सांगत आले, काहीतरी बिघाड आहे, होईल नीट.

आज सांगणारच होते. घरी आले तर गाणं गुणगुणत होती.

शनिवार, १५ मार्च

मागची खोली धाकट्याची. तिथं नर्सबाई भाड्यानं राहतात. स्वभावानं गरीब, आईला गोळ्यांची आठवण करतात. आज आईनं त्यांना सांगून टाकलं, "महिनाअखेर खोली मोकळी करा हं. मुलगा यायचाय माझा."

जिन्यात त्यांनी मला गाठलं. "ताई, खरंच येतोय ना भाऊ? आनंदच आहे हो. पण इतक्या लवकर मी जाऊ कुठे?"

"बघू," म्हटलं. दुसरं काय म्हणणार! एक खोटं झाकायचं तर त्यावर घर रचावं लागतं, आणि इथं तर दुसऱ्याचं घर मोडायला निघालेय.

रविवार, १६ मार्च

आज चार ओळी नाहीत. दुपार होईस्तोवर लिहीत होती. मागची खोली तयार करतेय, नवी गादी घेतेय, गुडघे दुखतात पण चालतं, तुला कोणी काही विचारणार नाही. मला वाचून दाखवलं. पाठवलं. मग हात मांडीवर ठेवून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसली.

परत आलं नाही. येणारच नव्हतं! आई माझ्याकडे बघून हसली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंगळवार, १८ मार्च

नर्सबाई खोकी बांधतायत.

बुधवार, १९ मार्च

सांगितलं.

"आई, परत आलेलं सगळं मीच फेकतेय. ऑफिसात तसा नियम लावलाय. तुझी दोन्ही पत्रंही परत आलीयत."

तिला समजायला वेळ लागला. मग म्हणाली, "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि मी गादी आणली तेव्हा तू टेम्पोतून उतरवून घेतलीस."

रडली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. उठली, खिडकी लावली. "नर्सबाईंना सांग, राहा म्हणावं. गादी त्यांनाच दे." आत गेली आणि पुन्हा दारात आली. "परत आलेली ती दोन्ही पत्रं मला आणून दे. माझी आहेत ती."

देते म्हटलं. मला तिच्याकडे बघवेना.

रविवार, २३ मार्च

चहा झाला. आई कॉम्प्युटरकडे गेली नाही. "लिही की," म्हटलं. "कुणाला?" म्हणाली.

सोमवार, २४ मार्च

खुणेचं काम संपलं. खोट्या मेल खुणेवरून पकडल्या जातायत, तो आंधळा नियम काढून टाकला. साहेबांनी पाठ थोपटली. अंगावर झुरळ पडल्यासारखं झालं.

मग आईची पत्रं काढायला बसले. नऊ तारखेचं मिळालं. सोळाचं मिळेना. पुन्हा शोधलं, आईच्या नावानं, धाकट्याच्या नावानं, वेळेवरून. नाही. नऊ तारखेचं सापडलं म्हणून सोळाचंही तिथंच असणार असं मी धरून चालले होते, एकदाही बघितलं नव्हतं! शेवटी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. कुठली मेल निघाली, पुढं तिचं काय झालं, सगळं असतं त्यात.

सोळा मार्च, आईचं पत्र. समोरच्या पेटीनं घेतलं.

मंगळवार, २५ मार्च

पेटी आपोआप रिकामी होत नाही. नऊ आणि सोळाच्या मध्ये कोणीतरी ती उघडली आणि आतला कचरा काढला. ती उघडायचा पासवर्ड धाकट्याशिवाय कुणालाच माहीत नाही. परवाच्या रविवारी तिथं आईसाठी जागा होती, आणि तिचं लिहिणं मी तोडलं होतं.

तो आहे! आईचं पत्र त्याला पोचलंय, आणि त्यानं उत्तर दिलेलं नाही. तिला दोन्ही सांगावं लागेल.