सहावं काडतूस

भाद्रपद वद्य एकादशी, सन १९५७, चिंचवड

आज ज्योतीरामाकडं राहायला आले. लेक माझा आधी पलटणीत होता, आता पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या फाटकावर जमादार हाय. दोन खोल्या, आणि दारात नळ! आमच्या माणात घागरीसाठी कोसभर चालायचं, हितं नुसती तोटी फिरवायची. सून सुमन म्हणाली, आत्याबाई, बंद करा आता, खेळणं न्हाई ते. मला हसूच आवरंना. गावात प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकले म्हणून लेकानं ही वही दिली. रोज लिहायचं म्हणतो.

भाद्रपद अमावस्या

ज्योतीरामाचं पिस्तूल हातात धरलं! वरवंट्याएवढं जड. एका म्हाताऱ्या शिकाऱ्याकडून लायसनानं घेतलेलं. ओढ्याकाठी मडकी फोडून दाखवली. कावळे पार काळेवाडीकडं उडाले. दर गोळीला घोडा अंगठ्यानं मागं ओढायचा, मगच चाप दाबायचा. लेक म्हणतो, आई, हे तुझ्या तोंडागत आपोआप सुरू व्हत न्हाई. द्वाड मेला! चाकाला सहा भोकं, पण काडतुसं भरतो पाचच. घोड्याखालचं रिकामं. का म्हणून विचारलं, तर नेमच हाय म्हणाला.

खंडेनवमी

आज शस्त्र पाटावर, म्हणून लेक नुसती लाठी घेऊन कामावर गेला. पिस्तुलाला झेंडूची माळ घातली. ते एक रिकामं भोक मला बघवंना. शेजारच्या शालनबाईंची वाटी मी कधी रिकामी परत देत न्हाई, गुळाचा खडा तरी घालते. मग देवापुढं रिकामं ठेवायचं व्हय? झाकण कसं उघडायचं, चाक कसं फिरवायचं, ते लेकाचं बघून ठेवलेलं. डब्यातलं एक काडतूस घेतलं, कुंकवाचं बोट लावलं, बसवलं. भरल्या ओटीसारखं दिसलं.

दसरा

जेवताना कौतुकानं सांगितलं. ज्योतीराम ताटावरून उठला. काडतूस काढून पवनेत फेकून आला. म्हणाला, घोड्याचं टोक थेट त्याच्यावर टेकलं होतं, पिस्तूल नुसतं हातातून पडलं असतं तरी जीव गेला असता, त्यासाठीच ते रिकामं असतं. अडाणी ती अडाणीच राहिलीस, म्हणाला. वर्गात शिकून काय उपयोग, म्हणाला. सणाची पुरणपोळी कुणी खाल्ली न्हाई.

एकादशी

लेक पिस्तूल पुसत होता. चाकात मला कुंकू दिसलं. सहावं हाय. नदीत टाकलेलं तेच. त्यानं बघितलं, पाचच म्हणाला. सुमननं बघितलं, पाचच. नंतर सुमन शालनबाईला सांगत होती, म्हातारीला हितलं पाणी लागलं. ऐकू येतंय मला, बहिरी न्हाई मी.

त्रयोदशी

ते कमरेला लावून लेक सायकलीवर जातो. वाटेत खड्डे. कुठं आदळलं तर— दिवसभर उंबऱ्यात बसते. तो आला की तोंडाआधी कमर बघते. आज कुंकू ओलं होतं. चार दिवस झाले. वाळायला पाहिजे होतं.

कोजागिरी

लेकाचे पाय धरले. नेऊ नको म्हटलं. शालनबाईंदेखत म्हणाला, माझी नोकरी घालवायला आलीस काय? गावी पोचवून येतो म्हणाला. जाईन मी. पण ते त्याच्या कमरेला ठेवून कशी—

वद्य प्रतिपदा, सकाळ

ज्योतीराम समोर बसलाय. पाची काडतुसं काढून घोंगड्यावर मांडलीत. बघ, समदं रिकामं, म्हणतो. रिकामं न्हाई. लाल हाय. आता ओघळ आलाय त्याला— त्याच्या बोटावर आलाय, तरी त्याला दिसंना— म्हणतो, माझ्याच छातीला लावून चाप दाबून दाखवतो, एकदाचं तुझं भ्या जाऊ दे. वही घे म्हणतो. वाजलं न्हाई असं तुझ्या हातानं लिही म्हणतो, मगच मी उठतो. सुमन हसतीया. हात धरायला गेले, तर ढकललं मला. घोडा अंगठ्यानं ओढून धरला— चाक फिरलं— लाल वर आलं—

लिहिते. लिहिते बाबा. हे बघ, लिहिलं. वाजलं न्हाई. वाजलं न्हाई. वाजलं न्हाई. माझंच चुकलं, पाचच हायेत. आता तरी ते छातीवरनं काढ, ज्योतीरामा, घोड्यावरचा अंगठा घस