डेकमध्ये घुसलेला ए. एच. ओ.

४ फेब्रुवारी, बुधवार.
निश्चय: गाडीच्या डेकला मोबाइल जोडणे. मुदत बावीस तारीख, रविवार. त्या दिवशी लग्नाला पंचवीस वर्षं होतात आणि ही गाडीत बसायला तयार झाली आहे. चार वर्षांनी! अट एकच, हिच्या आवडीची गाणी लागली पाहिजेत. गाडी लाल, जुनी, दोन सीटची, स्पोर्ट्स. डेक कॅसेटचा. आत एक कॅसेट कायमची अडकली आहे, इंजिन तापलं की ती उलटी वाजते. मागच्या वेळी ही त्या आवाजाला कंटाळून अर्ध्या रस्त्यात उतरली आणि टॅक्सीने घरी गेली.
काम सोपं आहे. मी स्वतः करणार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार.
काम सोपं आहे, पण मी स्वतः करणार नाही. डेक ओढला तर मागून वायरींचा गुंता बाहेर आला, तो परत आत जाईना. आता हॉर्न दाबला की वायपर फिरतात. वायपरचं बटण दाबलं की काहीच होत नाही. मूळ कंपनीनेच काहीतरी लपवलेलं दिसतं.

९ फेब्रुवारी, सोमवार. दुपार.
गाडी वायरमनकडे. वयस्कर माणूस, चष्म्याला दोरी. म्हणाला, डॅशबोर्ड कापायला नको, जुन्या धाटणीचाच नवा डेक बसवू, पोटात ब्लूटूथ. स्क्रीन एका ओळीची, फक्त इंग्रजी अक्षरं. इतकं सरळ बोलणारा कारागीर मी पाहिलेला नाही. तेव्हाच संशय आला. दोन तास स्टुलावर बसून नजर ठेवली. मध्ये डुलकी लागली, पण एकदाच.
जाताना त्याने जुना डेक कापडात गुंडाळून मला परत दिला. मी मागितला नव्हता. का दिला असेल?

११ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ६.
डेक बसला. हॉर्नला हॉर्न वाजतो. पार्किंगमध्ये बसून चावी फिरवली, स्क्रीनवर हिरवी अक्षरं आली: AHO OK.
हा ए. एच. ओ. कोण? माझ्या नावात ए नाही, एच नाही, ओ तर नाहीच नाही. माझ्या फोनचा प्रश्नच येत नाही. तो नवाकोरा आहे, आणि त्यातलं सगळं सेटिंग हिने घरी बसून केलेलं आहे. बाहेरच्या माणसाचा त्याला हात लागलेला नाही.
गाणी मात्र लागली. माझ्याच फोनमधली. म्हणजे हा इसम माझीच गाणी चोरून मलाच ऐकवतो. निर्लज्जपणाची हद्द झाली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.
ए. एच. ओ.ला डिलीट केलं. गाणी बंद. फोन पुन्हा जोडला. गाणी सुरू, आणि हा हजर. असं पाच वेळा केलं. पाचही वेळा माझ्या पाठोपाठ लपतछपत आत आला.
वायरमनला फोन केला. त्याने अक्षरं पुन्हा सांगायला लावली. मग खोकल्यासारखा आवाज. म्हणाला, साहेब, घरातलंच माणूस असणार, बाईंना विचारा की. आणि फोन ठेवला.
खोकला नव्हता तो. याचाही हात आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार.
छडा लागला. A म्हणजे अपार्टमेंट, H म्हणजे हाउसिंग, O म्हणजे ऑफिस. सोसायटीच्या सेक्रेटरीचा माझ्या पार्किंगवर पहिल्यापासून डोळा आहे. कमिटी सभासदांच्या डेकवर पाळत ठेवते काय, असा लेखी अर्ज दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. उत्तर द्यायचं साफ टाळलं. नोंद करून ठेवतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.
निश्चय: हिला यातलं काही कळू द्यायचं नाही. गाणी लागतात ना, असं हिने दोनदा विचारलं. तांत्रिक चौकशी चालू आहे, असं सांगितलं. एका पाकिटाच्या मागे हिने गाण्यांची यादी केली आहे, बावीस झाली, अजून लिहितेच आहे. साडीसुद्धा काढून ठेवली आहे. स्वयंपाकघरात गुणगुणत असते.
इतकी खूश कशासाठी? लक्ष ठेवलं पाहिजे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.
हिचा फोन टेबलावर होता. मी बघत नव्हतो, नजर गेली. कालचे मिस्ड कॉल चार: AHO, AHO, AHO, AHO. दहा दहा, एक पाच, एक सहा आणि पाच चाळीस.
नेमक्या याच वेळांना काल मीही हिला फोन केले होते. म्हणजे मी फोन लावला रे लावला की हा मध्ये घुसतो! आणि माझे चार कॉल तिथे नाहीतच. माझं नाव शोधलं, तेही नाही. खोडलं असणार. पंचवीस वर्षांनी.
जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ.
विचारून टाकलं. आवाज न चढवता, उभं राहून. म्हटलं, हा ए. एच. ओ. कोण आहे ते मला कळलं पाहिजे.
तिला आधी काही उमगलंच नाही. नीट लिहून दाखवा, म्हणाली. समोर ते गाण्यांचं पाकीट होतं, त्याच्यावरच मोठ्या अक्षरांत लिहिलं. तिने तिन्ही अक्षरं एकत्र वाचली, मोठ्याने.
मी सवयीने म्हणालो, काय गं?
तिने पाकिटावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. तेव्हा मला कळलं.
घरच्या वायफायवर कुणाचा फोन कुठला ते समजावं म्हणून तिने माझ्या फोनला ते नाव दिलं होतं. तिच्या फोनमध्येही मी पहिल्यापासून तोच आहे. मला वाटलं, ही आता पोट धरून हसेल. हसली नाही. तुम्हाला कोण वाटला, म्हणाली. मी म्हटलं, कमिटी. आणि कमिटीनंतर, तिने विचारलं. मी पेनाला टोपण लावलं. पंचवीस वर्षं याच नावाने हाक मारतेय, म्हणाली, आणि तुम्हाला तो परका पुरुष वाटला.
माफी मागितली. दोनदा. पहिल्या माफीत वायरमनची चूक आली होती, म्हणून ती माफी तिने धरली नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी साडेनऊ.
सहल ठरल्याप्रमाणे. फक्त सीट दोनच, त्यामुळे ही आणि माझी मेहुणी. मी रस्ता समजावायला लागलो, तर नकाशा फोनवर दिसतो म्हणाली. तिचा फोन एका मिनिटात जोडला गेला. गाडीही पहिल्या फटक्यात सुरू झाली, जी माझ्या हाताला कधी होत नाही. गाणं लागलं, दुसऱ्या मजल्यावर स्वच्छ ऐकू येत होतं. डेकचं काम उत्तम झालं आहे. चहा घेऊन खिडकीत बसलो. फार वाईट वाटत होतं.
तेवढ्यात खालून तिची हाक आली, अहो!
चहा सांडला. ओ, आलो आलो, असं ओरडत अनवाणी दोन जिने उतरलो. आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या हाकेला ओ दिली असेन.
ती वॉचमनला म्हणत होती, अहो, गेट उघडता का जरा.