मुर्रीच्या धुऱ्यावरच्या गाठी

गोंदिया,
५ सप्टेंबर २०११

जवाईबापू धनेंद्र यांस,

मंगळवार, १२ जुलै २०११, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. या वेळी तुमच्या हुकमावरून कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या फ्रिजमधल्या रविताच्या जिवाणूंच्या सगळ्या नळ्या उकळून नालीत ओतल्या गेल्या. तक्रार करायची तर तारीख-वेळ आधी लिहावी, हे मला शाळेत सिस्टरांनी शिकवलं. तुमची तब्येत बरी असेल. माझे गुडघे तसेच.

शिपाई शालीकरामला विचारलं. म्हणाला, "साहेबानं म्हटलन, समिती येऊन राहिली, फ्रिज खाली करा. मी कायले आडवा येऊ, म्याडम?" त्याला दोष नाही. तो काही तिचा नवरा नव्हता.

तुम्ही फोनवर म्हणालात, "आई, जनुकांचा सगळा क्रम संगणकात आहे. वंशवृक्ष छापून देतो." भिंतीवर फोटो आहे म्हणून माणूस घरात आहे, असं तुमच्याकडे मानतात का? हार घातलेला तिचा एक फोटो माझ्याकडे आहे. दुसरा नको.

सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी फोडून जिवाणू काढताना ती हसायची. "आई, आपल्यात लग्न जुळवताना कुर विचारतात ना, तसं मी यांचं कुर विचारते." एकाच मुळावर शेजारी बसलेल्या दोन गाठी वेगळ्या कुराच्या, वेगळ्या वंशाच्या निघायच्या. मुर्रीच्या आमच्या शेताच्या धुऱ्यावरचा, बांधावरच्या सोयाबीनमधला एक जिवाणू तर कुणाच्याच कुरात बसला नाही. वंशवृक्षात त्याची फांदी एकटी. दवाखान्यात भरती होईपर्यंत ती त्याला दर तीन महिन्यांनी नव्या नळीत घालायची. पुढे मी घालत होते. निवृत्त प्राध्यापिकेकडे प्रयोगशाळेची किल्ली नको, असं जूनमध्ये तुम्ही ठरवलंत.

तिच्यामागे मूल नाही. हे मी कधी बोलले नाही. तुम्हीही बोलू नका.

बांधीचे, त्या धानाच्या शेताचे, घरांसाठी प्लॉट पडले, तरी धुऱ्याचा एक तुकडा उरलाय. तिथली माती आणून कुंड्यांत सोयाबीन पेरलं. गाठी आल्या. एक फोडली. आतून गुलाबी, म्हणजे हवेतला नत्र बांधायचं काम करते आहे. माझा भाऊ चैतराम म्हणतो, "गाठी आल्या ना बाई? मंग काऊन रडून राहिली?" पण त्यानेच दोन वर्षं दुकानातल्या पाकिटातले जिवाणू बियाण्याला चोळून त्या धुऱ्यावर पेरले होते. गाठ वरून सारखीच दिसते. कुर नजरेला कळत नाही. बहुधा पाकिटातलेच असतील. तिचा उरला असेल असं मला वाटत नाही. रोज पाणी घालते, इतकंच.

कुंड्या शालीकरामबरोबर पाठवते आहे. शेंगा भरू लागल्या की गाठी हिरवट पडून मरतात, तेव्हा लांबवू नका. संगणकातल्या त्या क्रमाशी ताडून पाहा. निदान तेवढ्यापुरता तो कामी येऊ द्या.

तिचा आहे की नाही, एवढं एकच वाक्य, तुमच्या सहीनिशी, गुरुवार १५ सप्टेंबर २०११, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या घरी पोचलं पाहिजे. फोन करू नका. 'नाही' असेल तर तेही लिहूनच द्या. ते मला कुणाच्या आवाजात ऐकायचं नाही.

रविताची आई,
दुर्गेश्वरी