लेतायचा साफ केलेला आवाज

५ ऑक्टो., रवि.
अदलिया भागातला आमचा स्टुडिओ. घरकामाच्या बायकांसाठी एका क्लिनिकच्या फोनवर वाजणारा निरोप, आज तिग्रिन्या भाषेत. आवाज लेतायचा. अस्मराला शाळेत शिकवायची, आता इथे आखातात आमच्या ऑफिसच्या व्हिसावर. मला 'पिराजक्ता' म्हणते. तिच्या भाषेत शब्दाच्या तोंडाशी दोन व्यंजनं चिकटत नाहीत, मध्ये एक स्वर घुसतोच. रेकॉर्डिंग फक्कड. 'त्सिब्बुख', म्हणजे छान. आधी त्स, एकच व्यंजन ते, श्वास कोंडून फट्ट, मधला ब दाबून, शेवटचा ख घशात घासत. मजा येते ऐकायला.

७ ऑक्टो., मंगळ.
पराडकरांनी ऐकलं. (साहेब म्हणणं जिवावर येतं.) "अगं, थुंकतेय की काय ती? क्लायंट काय म्हणेल? साफ कर सगळं."
शी.
फिल्टर पूर्ण वर चढवला. फिल्टरला ते फट्ट म्हणजे तोंडाचा चपचपाट वाटतो. सगळे फट्ट गेले. ब्ब कापून ब केला. स्वराआधी घसा जरा अडतो, तेही गेलं. उरलं ते उकडलेल्या बटाट्यासारखं. आणि याच गृहस्थांना मराठी मंडळात कुणी ळ चा ल केला की ओकारी येते!

८ ऑक्टो., बुध.
लेतायला ऐकवलं. ती इथल्या अरबीत, "हादी मू आना." ही मी नाही. मंजुरीची सही करणार नाही म्हणाली. "आमची बाई आजारी असेल, घाबरलेली असेल. हे ऐकून फोन ठेवून देईल."
पराडकर : "खलास. प्राजक्ता, तूच सही कर."


९ ऑक्टो., गुरु.
सही केली. फाइल मात्र मूळची पाठवली, न कापलेली. त्यांनी ऐकलीसुद्धा नाही. यल्ला यल्ला, चला चला करत शुक्रवार-शनिवारच्या वीकेंडला पळाले.

१२ ऑक्टो., रवि.
क्लिनिकचा फोन सुरू झाला. दुपारी पराडकरांचं आत बोलावणं.
"पुन्हा थुंकतेय ती. कुणी केलं हे?"
"मी."
वाटलं, माझ्यावर ओरडतील. छे. चहा ढवळत, अगदी गोड आवाजात, "लेतायचा व्हिसा पुढच्या महिन्यात रिन्यूला आहे, नाही का? संध्याकाळपर्यंत साफ फाइल दे हं."
शिसारी आली. केलं मी, भरायचं तिने. आणि वर हसतो हा माणूस.
बाहेर आले तर लेताय क्लिनिकला फोन लावून, स्पीकरवर, मैत्रिणीला आपला आवाज ऐकवत होती. दोघी नुसत्या खिदळत होत्या. मला बघून उठली, मिठीच मारली.
व्हिसाचं तिला सांगितलेलं नाही; फाइल उघडून बसलेय, फिल्टर अजून चढवलेला नाही. पाच वाजत आलेत.