डस्टरच्या दोन ठोक्यांवर जमलेला बँड

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण परवा फोनवर तुमच्याबद्दल मी एक खोटं बोललो, आणि तेव्हापासून तुम्ही डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून लिहायला बसलोय.

विसरवाडीच्या शाळेत तुम्ही पुस्तकं मिटायला लावायचात आणि नदीची कविता फळ्यावर लिहायचात. मग ती चालीवर म्हणायचात. तिसरी ओळ संपली की डस्टर टेबलावर दोनदा आपटायचात, खडूची धूळ उडायची, आणि मला वाटायचं, नदी कुठल्या तरी खडकावर आपटली. माझं पुस्तक जुनं, चार हातांतून आलेलं. एकदा मी उभा राहून म्हटलं, "गुरुजी, ही कविता माझ्या पुस्तकात नाही." तुम्ही केवढे चिडलात! "तुझ्या पुस्तकाचं पान फाटलंय, त्यात कवितेचा काय दोष? बस खाली!" मी रडवेला झालो. शाळा सुटल्यावर मात्र तुम्ही मला थांबवलंत आणि ती कविता आपल्या वळणदार अक्षरात कागदावर लिहून दिलीत. कवितेचं वेड मला त्या कागदानं लावलं.

माझ्या लग्नापर्यंत तुमची बदली कुठेतरी लांब झाली होती, म्हणून पुढची गंमत तुम्हाला कधी कळलीच नाही. वरातीची वेळ झालीय आणि गुजरातकडून येणाऱ्या बँडची गाडी वाटेत बंद पडलीय. मी बाशिंग बांधून उन्हात उभा. मामा फाट्यावर ओरडतोय, "बँड नही ते वरात काय? नवरदेवले गुपचूप लई जावानं का?" नवापूरकडचा माझा दोस्त चर्चमध्ये गिटार वाजवायचा, तो गिटार घेऊन आला. नवरीकडचा, धानोऱ्याचा एक जण बेंजो काढून बसला. मोलगीचा ढोलवाला दुसरं लग्न वाजवून जीपची वाट बघत होता, त्याला मामानं हाताला धरून आणलं. तिघांनी एकमेकांना आधी कधी पाहिलेलंही नाही. एकाला येशूची गाणी येतात, दुसऱ्याला सिनेमाची, तिसऱ्याला डोंगरातल्या नाचाची. कशाचा कशाला मेळ नाही. बेंजोवाला म्हणतो, "तुन्ही गिटार माले बी ऐकू येत नही, घोडाले काय ऐकू येई?"

वैतागून दोस्तानं शाळेतल्या नदीच्या कवितेची चाल छेडली. बेंजोवाल्याची बोटं आपोआप मागे निघाली. तिसरी ओळ संपली, आणि कुणी काही न सांगता ढोलवाल्यानं दोन ठोके दिले. धम, धम! तिघंही थांबले.

"ए, हाई तुले कोणी शिकाडं?" बेंजोवाल्यानं ढोलवाल्याला विचारलं.

"गुरुजीनं," ढोलवाला म्हणाला. "ते डस्टर आपटायचे ते."

मग मला उमगलं. तुमची बदली जिथे जिथे झाली, तिथे तिथे तुम्ही ती नदी सोबत नेली होतीत. त्या दिवशी मामा, माझी सगळी वरात आणि फाट्यावरचे ट्रकवाले तुमच्या कवितेवर नाचले, गुरुजी! घोडा तेवढा बिथरला. मांडवातून उठायच्या आधीच तिघांना पुढच्या लग्नाचं बोलावणं आलं होतं.

आज त्यांचा स्वतःचा ट्रक आहे, त्यावर माडीएवढे स्पीकर. लोक आधी बँडला विचारतात, मग लग्नाची तारीख धरतात. बेंजोवाला आणि ढोलवाला आता नाहीत, त्यांच्या जागी त्यांची मुलं वाजवतात. पण वरात निघते ती नदीवरच, आणि तिसऱ्या ओळीनंतर ते दोन ठोके अजून पडतात.

निवृत्त झाल्यावर नंदुरबारला रद्दीच्या दुकानात मला आपलं शाळेतलं तेच पुस्तक सापडलं, एकही पान न फाटलेलं. तिथेच फूटपाथवर बसून तीनदा चाळलं. नदीची कविता त्यात नव्हती. मग जुनी नवी मिळतील ती पुस्तकं धुंडाळली. कुठेच नव्हती. तुमची होती ती. रागावलात ते माझ्यावर नाही, पकडले गेलात म्हणून.

परवा दोस्ताचा फोन आला. "गाण्याचा व्हिडिओ काढतोय. वर कवीचं नाव टाकायचंय. तुला सगळ्या कविता पाठ, सांग ना कुणाची."

मी म्हटलं, "पुस्तकातली आहे. नाव आठवत नाही."

तुम्ही झाकून ठेवलंत ते मी का उघडं करू, अशी मनाची समजूत घातली. पण ते खरं नाही, गुरुजी. अख्खा जिल्हा जिच्यावर नाचतो, तिच्यातलं एवढं एक गुपित माझ्या एकट्याकडे राहावं, असं वाटलं. हे पत्र त्या फाटक्या पुस्तकात, तुमच्या कागदाशेजारी ठेवतो. उद्या सकाळी दोस्ताला फोन करून तुमचं नाव सांगेन म्हणतो. कालही असंच म्हणालो होतो.