पिवळा पट्टा

२ मार्च
आजपासून जंगलाची डायरी. बाबा गेल्यावर बारा एकर जंगल ताईच्या आणि माझ्या नावावर आलं, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून ताईचं एकच पालुपद: झाडं फार दाटली आहेत, जाणकाराला विचार. बत्तीस वर्षं सगळं ऑफिस मला विचारत होतं, मी कोणाला विचारू? संकल्प: रोज एक तास जंगलावर वाचन.

५ मार्च
वाचन झालं नाही. चष्मा सापडत नव्हता.

९ मार्च, संध्याकाळ
जंगलमालकांच्या मीटिंगला गेलो. ताईने माझं नाव परस्पर घातलं होतं. एक मालक उभा राहून विचारतो, माझ्या झाडांना कीड लागली, काय करू? जंगल तुझं, कीड तुझी, चारचौघांत काय रडतोस! चहा पाणचट. तिथल्या सल्लागार बाई फुकटात जंगल बघून सल्ला देतात म्हणे. फुकट सल्ल्याची लायकी मला माहीत आहे. ताईने तिथेच तारीख घेतली.

१७ मार्च
ताईला ताप, म्हणून ती आली नाही. बरंच झालं. सल्लागार बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, हातात रंगाचा डबा. तासभर त्यांना जंगल समजावून सांगितलं. ऐकून घेतात, एवढं कबूल. मग गुडघा धरला म्हणून मी गाडीत बसलो, त्या एकट्याच फिरल्या. परत येऊन म्हणाल्या, ऐंशी झाडांना पिवळा पट्टा मारलाय, तो कशासाठी ते समजून घ्या. म्हटलं, बाई, शहाण्याला शब्दाचा मार. तरी म्हणाल्या, पत्र पाठवते, ते वाचल्याशिवाय करवत लावू नका. अगोचर बाई.

२४ मार्च
पत्र आलं. चांगलं जाडजूड. पाकिटावर माझं आडनाव चुकलेलं! ज्यांना आडनाव धड लिहिता येत नाही, ते मला जंगल शिकवणार. पाकीट न फोडता खणात टाकलं.

२५ मार्च
ताईचा फोन. पत्रात काय आहे? म्हटलं, मी म्हणत होतो तेच. बाबांनी लावलेल्या झाडांना धक्का लागणार नाही ना, असं तिने तीनदा विचारलं. म्हटलं, मी आहे ना. म्हणाली, म्हणूनच विचारतेय. सख्खी बहीण हे बोलते.

२ एप्रिल
करवतवाला आला. त्याचंही तेच: साहेब, पट्ट्याची झाडं पाडायची की ठेवायची? काही जण असं करतात, काही जण तसं. बाईंना एक फोन लावा. मला हसू आलं. म्हटलं, ठेवायच्या झाडाला रंग कोण फासत बसेल? डोकं खाजवत म्हणाला, पण पट्टे तर नेमके चांगल्या झाडांवर आहेत. म्हटलं, तू करवत चालव, डोकं मी चालवतो.

५ एप्रिल
काम फत्ते. ऐंशीच्या ऐंशी. जंगलात काय सुंदर ऊन आलंय! ताईला उद्या दाखवायचं. तोंडात बोट घालेल.

६ एप्रिल
ताई आली. बराच वेळ बुंध्यांमधून फिरली. मग एका बुंध्यावर बसून रडली. म्हणाली, बाबांनी ही रोपं लावली तेव्हा डोक्यावरून पाणी मी वाहिलं, तू सावलीत बसून कोणतं रोप राहिलं ते सांगायचास. साफ खोटं. आणि मी तेव्हा सहा वर्षांचा होतो.

घरी येऊन तिने पत्र मागितलं. पाकीट तिनेच फोडलं. पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत: पिवळा पट्टा म्हणजे राखायची झाडं. त्यांना दाटी करणारी वाकडी, किडकी तेवढीच काढावीत.

६ एप्रिल, दुपार
एवढं महत्त्वाचं होतं तर पाकिटावर लिहायला काय झालं होतं?

११ एप्रिल
दोष मुळात पद्धतीत आहे. तक्रार लिहायला बसलो. 'माननीय महोदय'च्या पुढे काही सुचलं नाही.

२० एप्रिल
ताईने वाटणी मागितली. मोजणीदाराने जंगलाच्या मधोमध खुंट्या ठोकल्या. ताई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. सगळं मोजणीदाराला सांगायची: त्यांना विचारा, ही बाजू चालेल का. त्यांना सांगा, इथे सही करायची. जन्मापासून मी तिचा 'अरे' होतो. 'त्यांना' म्हणजे कोण, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. मग फार वाईट वाटलं. सही केली.

३ मे, सकाळ
सल्लागार बाईंना फोन केला. म्हटलं, पट्ट्याची झाडं पाडली गेली, माझ्या हिश्श्यात आता काय करू? किती पाडली, ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, काही करू नका. उगवेल ते उगवू द्या, फक्त हात लावू नका.

विचारलं, किती दिवस?

म्हणाल्या, तीसेक वर्षं.

लिहून घेतलं. मला एकसष्टावं चालू आहे.