अमेरिकेच्या गेमवर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

८ सप्टेंबर २००६

गणपती झाले. आजपासून रोजनिशी. पुढं मुलाखती द्याव्या लागतील तेव्हा तारखा लागतात, म्हणून.

सकाळी अप्पांचं आणि माझं बोलणं झालं. म्हणजे अप्पा बोलले. दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात नव्या गुळाचा मुहूर्ताचा सौदा निघतो, त्या दिवशी तू आपल्या अडतीत उभा दिसला पाहिजेस, नाहीतर तोवर कुठंतरी चिकटून दाखव, म्हणाले. बी.कॉम. झालेलं पोरगं गुंडूच्या नेट कॅफेत बसून दिवसभर गोळ्या झाडतंय, हेही म्हणाले. हे आमच्या गल्लीला आणि पलीकडच्या गल्लीलाही कळलं. अप्पांचा आवाज मूळचाच सौद्याचा.

मला अडत नको. गुळाचा वास कपड्यातून जात नाही आणि माश्या घरापर्यंत सोडायला येतात. मी गेमर आहे. परदेशात ह्याला पगार असतो. अप्पांना हे पटवायला पाडव्यापर्यंत वेळ आहे. भरपूर झाला.

११ सप्टेंबर, दुपारी

सापडलं. गुंडूच्या कॅफेत वाचलं. 'सीज ऑफ कार्डन' नावाची किल्ल्यांची गेम अमेरिकेत तयार होते आहे. बाजारात यायच्या आधी खेळून चुका सांगायला कंपनीला माणसं हवीत. बीटा टेस्टर म्हणतात. अर्ज मागवलेत. निवड झाली की एक कोड मिळणार, तो टाकला की गेम आपल्याला आधी. जगाच्या आधी. चांगलं काम केलं तर कंपनी कायम नोकरीत घेते, असं गुंडू म्हणाला. गुंडूला कुणी सांगितलं ते त्याला आठवत नाही.

संकल्प : पहाटे पाचला उठणे. इंग्रजी पेपर वाचणे. मिसळ बंद.

१२ सप्टेंबर

पाचला उठणं राहिलं. आईनं, म्हणजे अव्वानं, उठवलंच नाही. मिसळ खाल्ली, पण मित्रानं, कृष्णातनं, आग्रह केला म्हणून. पेपरवाल्याकडं इंग्रजी पेपर संपला होता असं त्याच्या तोंडावरून वाटलं.

१७ सप्टेंबर, रविवार

अभ्यासदौरा, पन्हाळा. अर्जात एक प्रश्न आहे, किल्ल्यांविषयी तुम्हाला काय माहीत आहे. अमेरिकेतल्या गड्याला पन्हाळा कुठला मिळणार. इथंच मी पुढं.

कृष्णातची गाडी, ट्रिपल सीट. कृष्णात म्हणजे आमच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. मागं मी आणि माझी धाकटी बहीण शांभवी. ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. येते म्हणाली, आणली. मी आणि कृष्णातनं झुणका-भाकर खाऊन, दही खाऊन, वाऱ्याला बसून तटबंदीचा एकूण अंदाज घेतला. ती उन्हातान्हाची अंबारखान्याच्या कोठारांत, 'तीन दरवाजा'च्या आत भिंती चाचपत हिंडली. पोरीला बसून विचार करायची सवय नाही. तोफेला टेकून, गॉगल लावून माझा एक फोटो काढून घेतला. फार उपयोगी पडेल.

१९ सप्टेंबर

अर्ज गेला. मी मराठीत सांगितलं, शांभवीनं इंग्रजीत टाईप केलं. मी दोन वाक्यं सांगितली. मी कोल्हापूरचा एक नंबरचा खेळाडू आहे आणि किल्ले माझ्या रक्तात आहेत. ती तासभर टाईप करत होती. इंग्रजीत तेच सांगायला जास्त जागा लागते.

मध्येच तिनं विचारलं की अण्णा, गेम आली तर मलापण खेळू देशील का. शांतपणे समजावलं की हे जबाबदारीचं काम आहे, तू ऑर्कुट बघ. बरं म्हणाली. समजूतदार आहे.

२५ सप्टेंबर

निवड झाली!

मेल आला. सगळ्यात वर इंग्रजीत ठळक 'कॉन्फिडेन्शियल'. कंपनी लिहिते की तुमच्याकडच्या कोठाराच्या जाड भिंती आणि दरवाज्याच्या आतलं वळण ह्यांबद्दल तुम्ही लिहिलेलं आम्हाला फार आवडलं. हे मी कधी बोललो ते आठवत नाही, पण माझ्या बोलण्यात असं बरंच येऊन जातं. खाली कोड. गेम चालू होणार दसऱ्याला, आपल्या संध्याकाळी सातला. एका कोडवर एकच माणूस. कोड कुणाला दाखवू नका अशीही ओळ आहे. दाखवायला मी काय खुळा आहे काय.

अप्पांना सांगितलं. पगार किती, म्हणाले. म्हटलं, आधी मान मिळतो, मग पगार. अप्पा टॉवेल घेऊन अंघोळीला गेले.

२७ सप्टेंबर

कृष्णातला फक्त निवड झाल्याचं सांगितलं. तो चहा अर्धा टाकून उठला. म्हणाला, गल्लीतलं पोरगं अमेरिकेत गाजतंय आणि मंडळानं गप बसायचं व्हय, डिजिटल बोर्ड लावायचाच. मी नको म्हणालो. मग तोफेजवळचा फोटो दिला.

संध्याकाळी पुन्हा आला. त्याला एक शंका. मागं एकाच्या फौजदार झाल्याचा बोर्ड लावला आणि गडी नापास निघाला, तेव्हापासून लोक आमच्या बोर्डावर इस्वास ठेवत न्हाईत, म्हणाला. पुरावा पाहिजे. मेलची प्रिंट दिली. कॉन्फिडेन्शियल म्हणजे काय विचारलं. खास, असं सांगितलं. तेवढं मोठ्या लाल अक्षरात घे म्हटलं.

१ ऑक्टोबर

बोर्ड लागला. चौकात, विजेच्या डांबापासून पानपट्टीच्या छपरापर्यंत. वर मी, गॉगल लावून. मागं वाघ. खाली मंडळाच्या सगळ्या कार्यकर्त्यांचे मोबाईल कानाला लावलेले फोटो. मधोमध पूर्ण मेल, अक्षरन् अक्षर वाचता येतं. छपाई उत्तम. कोडसुद्धा पानपट्टीवरून स्पष्ट दिसतो. त्यामुळं लोकांचा विश्वास बसला.

जाता-येता लोक थांबून बघत होते. शांभवी बरीच उभी होती. भावाबद्दल अभिमान असतोच. अव्वा म्हणाली, फोटोत वाळलायस. मला फार छान वाटलं. खोटं कशाला लिहू, तीनदा त्या रस्त्यानं गेलो.

२ ऑक्टोबर, दसरा

सविस्तर लिहितो, इतिहास आहे.

सहाला चौकात सत्कार. फेटा, शाल, श्रीफळ, हलगी. साडेसहाला उरकून समोर गुंडूच्या कॅफेत जायचं, सातला कोड टाकायचा असं ठरलं होतं. पण कृष्णातनं भाषण केलं. मग उपाध्यक्षांनी केलं. मग माजी अध्यक्षांना राग येऊ नये म्हणून त्यांनी केलं. शेवटी मी दोन शब्द बोललो. किल्ल्यांपासून सुरुवात केली, त्यामुळं जरा लांबलं. मग सोनं वाटलं, गळाभेटी झाल्या.

आठाला फेट्यासकट कॅफेत. सगळ्या मशीनवर माणसं. तिसऱ्या मशीनवर शांभवी होती, हेडफोन लावून. सणासुदीला ऑर्कुट बघत बसू नये असं तिला बजावलं. ऐकू गेलं नसावं. स्क्रीनवर कसला तरी बुरूज होता. ऑर्कुटवर हल्ली काहीही असतं.

मशीन मिळाली. हात स्वच्छ पुसून कोड टाकला. कोड आधीच वापरात आहे, असं आलं. पुन्हा टाकला. तेच. गुंडू म्हणाला, कुणीतरी टाकलाय. मी म्हणालो, माझ्याशिवाय कोड माहीत कुणाला. गुंडूनं खिडकीतून बाहेर बघितलं. मीही बघितलं. बोर्डावर दोन्ही बाजूंनी फोकस सोडला होता, चांगला दिसत होता.

सर्व्हरचा घोटाळा आहे. अमेरिकेत दसऱ्याची सुट्टी नसते, गर्दी झाली असणार. कंपनीला कडक मेल लिहिला.

३ ऑक्टोबर

तोच कोड, तेच उत्तर. बाहेर सगळे विचारतात, गेम कशी हाय पावणं. जबरदस्त म्हणतो. कंपनीशी करार आहे, जास्त बोलता येत नाही असंही म्हणतो. त्यानं इज्जत वाढली आहे.

५ ऑक्टोबर

जेवताना शांभवी म्हणाली की अण्णा, तुझी गेम बरी हाय, पण पश्चिमेचा दरवाजा आतून उघडत न्हाय आणि कोठाराला आग लावली तर तटच पडतोय. मी सात चुका कळवल्यात, म्हणाली. चेष्टा करायची सवय. अप्पांनी अव्वाला तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढायला सांगितली. तिच्या चेष्टेला घरात कायम दाद मिळते.

संकल्प : उद्यापासून पाचला. नक्की.

९ ऑक्टोबर

लाईट गेली, त्यामुळं दिवसभर काही करता आलं नाही. लाईट आल्यावरही मूड नव्हता. अडतीवरून अप्पांचा फोन, हमाल कमी पडलेत, ये. कंपनीच्या मेलची वाट बघतो आहे म्हणून कळवलं. अप्पांनी फोन ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

१३ ऑक्टोबर

कंपनीचं उत्तर! तुमचा कोड बरोबर चालू आहे, लिहितात. त्यावर कोल्हापूरहून खेळणाऱ्या टेस्टरनं आजवरचे सर्वांत उपयोगी रिपोर्ट पाठवले आहेत, आम्ही आभारी आहोत.

दोनदा वाचलं. कोल्हापूरचा टेस्टर म्हणजे मीच. मी न खेळता एवढा उपयोगी पडलो तर खेळल्यावर काय होईल. प्रिंट काढली. उद्या अप्पांसमोर ठेवतो. अडतीचा विषय संपला.

१४ ऑक्टोबर

प्रिंट ठेवली. अप्पांना इंग्रजी येत नाही, त्यांनी ती शांभवीकडं दिली. तिनं मोठ्यानं वाचून मराठीत सांगितली. अप्पा मला म्हणाले, शाब्बास. माझ्या जन्मात पहिल्यांदा. मग विचारलं, कसले रिपोर्ट, जरा सांग की.

मी तटबंदीचा एकूण अंदाज सांगितला.

अप्पा म्हणाले, एखादी चूक सांग. मी पाणी प्यायलो. मग शांभवीनं सांगितलं. दरवाजा, कोठार, पायऱ्यांवरून घोडा चढतो ते, सगळं. कोड बोर्डावर होता, चौकात सगळ्यांना दाखवला होता, मी टाकला, म्हणाली. अर्जसुद्धा मीच लिवला होता, अण्णानं दोन वाक्यं सांगितली, ती पण घातली होती शेवटी.

अव्वा हसायला लागली. मग माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावला. अप्पा शांभवीला म्हणाले, आपल्या घरात कुणाला तरी मालाची पारख आली म्हणायची.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. गच्चीत जाऊन बसलो. थोड्या वेळानं शांभवी चहा घेऊन आली आणि म्हणाली, विचारलं होतं की मी तुला. विचारलं होतं, हे खरं आहे. चहा चांगला होता.

पाडवा

सकाळी सातला अडतीत. मुहूर्ताचा सौदा. पांढरी टोपी घालून उभा राहिलो, अप्पांच्या उजव्या हाताला. कागलचे एक शेतकरी माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, पावणं, बोर्डावरचं तुम्हीच न्हवं का. हो म्हणालो. मग त्यांना गेम समजावून सांगितली, पायऱ्यांवरच्या घोड्यासकट. त्यांचा गूळ आमच्याच अडतीला लागला. अप्पांनी बघितलं.

दुपारी अप्पांनी घरी कॉम्प्युटर आणला, शांभवीसाठी. कंपनीनं तिला पुढच्या गेमवरही घेतलं आहे. ह्या वेळी मोबदला देणार आहेत. सोबत एक माणूस घ्यायची परवानगी आहे, स्पेक्टेटर म्हणून. तिथं तिनं माझं नाव घातलं. मी न विचारता. डोळ्यात पाणी आलं, सकाळी गुळाच्या गोदामात धूळ फार होती.

स्पेक्टेटर म्हणजे काय, अप्पांनी जेवताना विचारलं. मी सुपरवायझर असं सांगितलं. शांभवी म्हणाली, दुसरा खेळत असताना नुसता बघत बसणारा.

अप्पा म्हणाले, मग जमंल त्याला.